पायाचं काळं शिलाई मशीन : आज घ्यावं का, आणि घेताना काय बघावं

आधी निकाल सांगून टाकतो. घरातले कपडे, पडदे, अभ्रे, ब्लाउज, परकर एवढं शिवायचं असेल, सरळ टीप पुरत असेल आणि गावात विजेचा भरवसा नसेल, तर पायाचं काळं मशीन आजही पैसे वसूल करून देतं. फॉल-पिको, इंटरलॉक किंवा ताणणाऱ्या होजियरी कापडाचं काम घेऊन चार पैसे मिळवायचा विचार असेल, तर याच्या वाटेला जाऊ नका. पिकोला सुई डावी-उजवीकडे हलावी लागते. ही सुई फक्त वरखाली जाते.

काळं मशीन म्हणजे नेमकं कुठलं, ते ठरवून घेऊ. ओतीव लोखंडाचं अंग, काळा चकचकीत रंग, त्यावर सोनेरी नक्षी, उजव्या हाताला चाक, डाव्या टोकाला सुई, खाली गोल बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळं. लाकडी टेबलाखाली लोखंडी जाळीदार पाय, पायडल आणि कातडी पट्टा. नाव सिंगरचं असेल, उषाचं असेल किंवा लुधियानात तयार होणाऱ्या दहा-वीस छापांपैकी एखादं. आतली रचना थोड्या फरकाने एकाच घराण्यातली, आणि खरेदीच्या दृष्टीने हे घराणंच सगळ्यात महत्त्वाचं.

घराण्याचा दाखला सुईच्या पाकिटावर छापलेला असतो. घरगुती मशीनच्या सुयांच्या पाकिटावर ‘एचए×1’, ‘15×1’ किंवा ‘130/705 एच’ असं लिहिलेलं असतं. तिन्हीचा अर्थ एकच, एका बाजूने चपट्या दांड्याची घरगुती सुई. त्यातला 15 हा आकडा सिंगरच्या ‘क्लास 15’ या जातीचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात आलेली ही जात दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांनी नमुना म्हणून उचलली. कोणत्याही कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या मशीनला बसेल, अशी मापं त्यांनी ठरवून घेतली. त्यामुळे आज पांढऱ्या प्लास्टिकच्या, स्क्रीन असलेल्या नव्या मशीनमध्येही हीच सुई चालते आणि तालुक्याच्या गावातल्या दोऱ्या-बटणांच्या दुकानातही ती मिळते. गंमत म्हणजे सिंगरला स्वतःला ही गोष्ट सहज साधली नव्हती. पहिली तीसेक वर्षं त्यांचे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवावे लागत. एका मशीनचा भाग दुसऱ्याला जसाच्या तसा बसायला 1880चं दशक उजाडलं.

म्हणून दुकानात गेल्यावर चकाकीकडे बघू नका. आधी शटलवरचं, म्हणजे सुईखाली दोन दोरे गुंफणाऱ्या भागावरचं, झाकण सरकवा आणि बॉबिन बघा. गोल, चपटी, नाण्याएवढी बॉबिन आणि तिची धातूची बॉबिन केस असेल, तर पुढे बोलणी करा. होडीच्या आकाराचं लांबट शटल आणि त्यात काडीसारखी लांब बॉबिन निघाली, तर ती सिंगरच्या 27-28 जातीची जुनी रचना. चालते गोड, दिसते त्याहून गोड. पण तिची बॉबिन नाक्यावर मिळत नाही, शटलच्या टोकाला खाच पडली तर बदली मिळवताना दम निघतो. हौसेला ठेवा, कामाला नको.

दुसरी गोष्ट, बिल नीट वाचा. आपल्याकडे हेड (म्हणजे वरचं मशीन), टेबल, स्टँड आणि झाकण यांचे भाव बहुधा वेगवेगळे लावतात. जाहिरातीत दिसतो तो भाव पुष्कळदा नुसत्या हेडचा असतो. पट्टा, सहा बॉबिन, स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची कुपी आणि हेमर (कड दुमडणारा), रफलर (चुण्या पाडणारा) यांसारख्या जादा फुटांची, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायांची, डबी हेडबरोबर येते का, तेही विचारून घ्या.

हप्त्याने घ्यायचं असेल तर लाजण्याचं कारण नाही, हे मशीन जगभर पसरलं तेच हप्त्यावर. 1851मध्ये आयझॅक सिंगरला अमेरिकेत पेटंट मिळालं. त्याआधी, 1846मध्ये, एलियस हाव याने टोकाशी डोळा असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारं शटल यांची जोडी पेटंट करून ठेवली होती. पुढे जो तो दुसऱ्याला कोर्टात खेचू लागला. 1856मध्ये हाव, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी भांडण मिटवून पेटंटं एकत्र केली आणि बाकीच्यांकडून परवान्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी सिंगरचा भागीदार वकील एडवर्ड क्लार्क याने दुसरी शक्कल काढली. थोडी रक्कम आधी, उरलेली महिन्याच्या हप्त्याने, आणि पैसे फिटेपर्यंत मशीन कंपनीचं. मशीनची किंमत सामान्य घराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी होती. एकदम देणारे मूठभर, पण महिन्याला देणारे हजारो निघाले. पेटंटांचा तो संघ 1877मध्ये मुदत संपल्यावर मोडला, भाव उतरले, हप्त्याची पद्धत मात्र राहिली. आज फ्रीज, फोन, दुचाकी ज्या पद्धतीने घेतात, तिची तालीम शिवणयंत्रावर झाली आहे.

वेळेचा हिशेब तेव्हाच्या गिऱ्हाइकाला पटवणं सोपं होतं. व्हीलर अँड विल्सनने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटं आणि मशीनवर 1 तास 16 मिनिटं लागतात, असं दिलं होतं. विकणाऱ्याचे आकडे म्हणून थोडे सोडून द्या, तरी उरतो तो फरक थोडाथोडका नाही. या फरकाचा धसका सगळ्यात आधी शिंप्यांनी घेतला. पॅरिसमध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने सैन्याचे गणवेश शिवायला सुमारे 80 मशीनं लावली होती. 1831मध्ये तिथल्या शिंप्यांनी ती फोडून टाकली.

हिंदुस्थानात उलटं घडलं. इथे मशीनचा पहिला मोठा गिऱ्हाईक शिंपीच झाला. विकणाऱ्यांपुढची अडचण निराळी होती. लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं यांतल्या एकालाही सुई लागत नाही. खणाची चोळी हाताने शिवली जाई आणि पुढे गाठ मारून घातली जाई. न शिवलेलं नेसणाऱ्या देशात शिवण्याचं यंत्र खपवायचं, असा हा धंदा. तो मुंबईत बसून नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिंगरचा हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनचा कारभार त्यांच्या हाती होता. पुढे सदरा, कोट, पोलकं, झंपर आणि शाळेचा गणवेश आला आणि गिऱ्हाईक वाढत गेलं. बाह्या, टक्स, हुकपट्टी, पाइपिंग असलेला ब्लाउज हाताच्या धावदोऱ्यावर टिकत नाही. त्याला बारीक, सारख्या अंतराची, दोन्ही बाजूंनी घट्ट टीपच लागते. मशीन आलं म्हणून ब्लाउज असा झाला, की ब्लाउज असा हवा म्हणून मशीन आलं, हे कोडं सोडवत बसण्यात अर्थ नाही. दोघांनी एकमेकांना ओढत आणलं.

त्या काळात आपल्याकडे हातमशीन एवढं का खपलं, याचं उत्तर बसण्याच्या सवयीत आहे. शिंपी मांडी घालून जमिनीवर बसत. पायाच्या मशीनला खुर्ची, टेबल आणि हक्काची जागा लागते. हाताचं मशीन सतरंजीवर ठेवलं की दुकान सुरू. ते ओसरीवर न्यावं, बाजारात न्यावं, संध्याकाळी उचलून घरी आणावं. आजही जागा कमी असेल तर हातमशीनचा विचार जरूर करा. त्याचा मोठा तोटा असा की उजवा हात मुठीत अडकतो, कापडाला एकच हात उरतो. लांब पडदा किंवा चादरीची कड मारताना हा तोटा जाणवतो. कॉलरचं टोक वळवताना मात्र तोच फायदा होतो, एकेक टाका मोजून टाकता येतो. नवशिक्यासाठी हातमशीन बरं, रोजच्या कामाला पायाचं.

आता पायाच्या मशीनवर बसू. खुर्ची अशी ठेवा की सुई छातीच्या मध्यासमोर येईल. बरेच जण मशीनच्या मध्यासमोर बसतात आणि महिनाभरात डावा खांदा धरून बसतात. दोन्ही पावलं पायडलवर, उजवं थोडं पुढे, डावं थोडं मागे. दाब टाच आणि चवडा असा आळीपाळीने द्यायचा. सुरुवात नेहमी हाताने, चाकाचा वरचा भाग आपल्याकडे ओढून. पायानेच सुरुवात केली की चाक कधी उलटं जातं, आणि उलट्या फेरीत दोरा शटलभोवती अडकून तुटतो. पहिले दोन दिवस दोरा न ओवता, फूट वर ठेवून, नुसतं चालवा. मग वहीच्या रेघांच्या कागदावर बिनदोऱ्याची टीप मारा. भोकं रेघेवर पडायला लागली की कापड घ्या. कागदाने सुई बोथट होते, म्हणून ती सुई वेगळी ठेवा.

सुई आणि दोरा यांची जोडी जमली नाही तर कितीही चांगलं मशीन रुसतं. मलमल, वॉइल, जॉर्जेट यांना 11 नंबर. रोजचं सुती, ब्लाउजपीस, पॉपलिन यांना 14. जाड सुती, खादी, गादीचे अभ्रे यांना 16. जीन्स, ताडपत्रीसारखं जाड कापड असेल तर 18. टाका साध्या सुती कामाला इंचात 10 ते 12. बारीक कापडाला थोडा लहान, जाडाला थोडा मोठा.

सुई बसवताना एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगायलाच हवी. सुईच्या एका बाजूला वरपासून डोळ्यापर्यंत लांब खाच असते. दोरा खाली जाताना त्या खाचेत दडतो. खाच ज्या बाजूला, त्या बाजूनेच दोरा ओवायचा. कुठली बाजू, हे मशीनच सांगतं. सुईच्या अगदी वरची दोऱ्याची शेवटची कडी ज्या बाजूला असेल, लांब खाच तिकडे आणि चपटी बाजू तिच्या विरुद्ध. सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. सुई उलटी बसली किंवा दोन मिलिमीटर खाली राहिली तर शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही आणि मशीन टीप सोडायला लागतं. नवं मशीन ‘खराब निघालं’ म्हणून परत नेणाऱ्यांच्या तक्रारी बघा, त्यांतल्या कित्येक या एका सुईवर सुटतात.

टेन्शनबद्दलही, म्हणजे दोऱ्याच्या ताणाबद्दलही, असाच गैरसमज आहे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की लोक बॉबिन केसचा स्क्रू पिळायला घेतात. दोष बहुधा वर असतो. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नसतो, किंवा वर-खाली नाचणाऱ्या दांडीच्या भोकातून ओवायचा राहिलेला असतो. फूट वर असताना चकत्या सैल असतात, म्हणून दोरा ओवताना फूट वर आणि शिवताना खाली. फूट खाली टाकायचं विसरून शिवलं तरी तेच जाळं. याउलट कापडाच्या वरच्या बाजूला दोरा तारेसारखा सरळ पडला आणि खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला, तर वरचं टेन्शन जास्त किंवा खालचं कमी.

खालचं टेन्शन तपासायला एक साधी युक्ती आहे. भरलेली बॉबिन केसमध्ये घाला, दोरा खाचेतून पट्टीखाली ओढून घ्या आणि दोऱ्याला धरून केस हवेत लोंबकळू द्या. स्वतःच्या वजनाने ती घसरत खाली जायला नको. मनगटाने हलकासा झटका दिला की बोटभर उतरून थांबायला हवी. सरसर उतरली तर बारीक स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेऱ्याहून कमी फिरवा. हलतच नसेल तर उलट. हा स्क्रू तिळाएवढा असतो, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरल्याशिवाय त्याला हात लावू नका. एकदा ही केस जमली की तिला विसरून जा आणि पुढचे सगळे बदल वरच्या चकत्यांवरच करा.

सुई तुटण्याची मुख्य कारणं तीन. कापड हाताने ओढणं, फूटचा स्क्रू ढिला होऊन सुई फूटवर आदळणं, आणि बॉबिन केस ‘टक्’ आवाज होईपर्यंत आत न बसवणं. कापड ओढायचं काम सुईपाटीतून डोकावणाऱ्या दात्यांचं आहे. हातांनी फक्त दिशा द्यायची.

मशीन जड चालतंय ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि तिचं कारण बऱ्याचदा स्वयंपाकघरात सापडतं. मशीनचं तेल संपलं की खोबरेल किंवा गोडेतेल घातलं जातं. ते थंडीत थिजतं, उन्हाळ्यात चिकट होतं, वर्षभरात राळेसारखा थर होतो. उपाय असा : तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे चार-पाच थेंब, पट्टा काढून हाताने दोन-तीन मिनिटं चाक फिरवणं, काळं पाणी बाहेर येईल ते पुसणं, आणि मग शिवणयंत्राचं पांढरं पातळ तेल. रॉकेल मिळत नसेल तर तेच पातळ तेल दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा घालून, फिरवून, टिपून घ्या. वेळ जातो, पण मोकळं होतं. सोनेरी नक्षीवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नका, वरचं वॉर्निश विरघळून नक्षी पांढुरकी पडते. आणि हेड मागे कलवून खालची भोकं विसरू नका. वरच्या भोकांत तेल ओतणारे पुष्कळ, खाली बघणारे थोडे.

तेलाने सुटलं नाही तर सुईपाटीचे दोन स्क्रू काढा. दात्यांच्या मध्ये कापडाच्या तंतूंचा नमद्यासारखा गठ्ठा बसलेला दिसेल. तो सुईने उचलून काढा. शटलच्या खोबणीत अडकलेला दोऱ्याचा एक टीचभर तुकडासुद्धा मशीन बंद पाडतो. तिथे चाक जोराने फिरवू नका. दोरा कापून, तेलाचा एक थेंब टाकून, चाक मागेपुढे थोडं थोडं हलवत तो बाहेर येऊ द्या.

आता चाकाच्या मध्यावरच्या गोल नॉबकडे. बॉबिन भरताना तो सैल करायचा असतो, म्हणजे चाक फिरतं पण सुई थांबते. काही जण साफसफाईत तो पूर्ण काढतात. आत तीन कान असलेली पातळ चकती असते. ती परत घालताना अर्ध्या फेऱ्याने चुकली की दोनपैकी एक गोष्ट होते : नॉब कितीही आवळला तरी सुई चालत नाही, किंवा कितीही सोडला तरी थांबत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. चकती काढून 180 अंश फिरवून घाला.

ही सगळी कामं घरी, एका स्क्रू-ड्रायव्हरवर होतात, आणि या मशीनला माझे सगळ्यात जास्त गुण त्यासाठीच. 1924मध्ये यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या मशीनला आपल्या विरोधातून वगळलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून प्रेमापोटी सिंगरने ते शोधलं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षातला सिंगर वेगवेगळ्या बायकांपासून वीसहून जास्त मुलं झालेला गृहस्थ होता आणि पैशाच्या शोधात या धंद्यात आला होता, ते सोडून देऊ. पण एका माणसाच्या ताब्यात राहणारं, त्याच्या घरात मावणारं यंत्र, ही त्यांची पारख नेमकी होती. अशी मशीनं करायला कारखाना लागेलच, हा प्रश्नही त्याच संभाषणात त्यांच्यापुढे आला होता आणि तो त्यांनी टाळला नाही.

तो कारखाना इथे उभा राहायला फार वेळ लागला नाही. 1930च्या दशकात कोलकात्यात जय इंजिनीअरिंग वर्क्सने उषा मशीन काढलं, पुढे दिल्लीच्या लाला श्रीराम यांनी ते वाढवलं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि देशी मशीनला मैदान मोकळं मिळालं. दुसरीकडे बायकांच्या हाती मशीन देण्याचं काम संस्था आधीपासून करत होत्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात 1909पासूनच्या काळात शिवणाचे वर्ग चालत. घराबाहेर न पडता, मुलं सांभाळत, पैसे मिळवता येतील असं काम, म्हणून विधवांच्या आणि परित्यक्तांच्या वाट्याला मशीन आलं. आजही मशीनवाटपाचे कार्यक्रम त्याच हिशेबाने होतात.

त्या वाटपाबद्दल एक रोखठोक मत. नुसतं हेड आणि टेबल मिळाल्याने शिवणकामाचा धंदा होत नाही. 9-10 इंची चांगली कात्री, जड इस्त्री, टेप, कापायला सपाट पाट आणि शेजारी कुणाकडे तरी इंटरलॉक, एवढं लागतंच. 2023च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. त्यातून घ्यायचं असेल तर महागाचं हेड घेऊन सगळे पैसे संपवण्यापेक्षा साधं हेड आणि बाकीचं सामान घ्या. दिवसाला सात-आठ तास काम होणार असेल, तर घरगुती जात सोडून शिंप्यांची मोठी, जड जात बघा. दुकानात तिला ‘अंब्रेला’ म्हणून विचारलं तरी दाखवतात. कारखान्यात चालतं तसं मोटरचं मशीन, ज्याला कुठल्याही कंपनीचं असलं तरी सगळे ‘जुकी’च म्हणतात, ते मिनिटाला चार-पाच हजार टाके मारतं. पण त्याला वीज लागते, हात बसलेला लागतो, आणि त्याची सुई डीबी×1, गोल दांड्याची. घरच्या सुया तिथे चालत नाहीत, तिथल्या इथे नाहीत.

जुनं घेणाऱ्यांसाठी थोडं जास्त. जुन्या सिंगरच्या बैठकीवर उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो. ‘वाय’ किंवा ‘ईए’सारख्या अक्षरांनी सुरू होणारा नंबर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचा. हा कारखाना 1980मध्ये बंद झाला. नंबर जुना म्हणून मशीन चांगलं, असं मात्र नसतं. रंग नवा, नक्षी नवी आणि अंग झिजलेलं, असे हेड बाजारात भरपूर आहेत. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला दिसला किंवा तेलाची भोकं रंगाने बुजलेली दिसली, की समजा. सुईची दांडी बोटांत धरून पुढेमागे हलवा, खडखड वाजली तर सोडा. सुईपाटीच्या भोकाची कड सुयांच्या आदळण्याने ओरबाडलेली असेल तर दोरा तुटत राहणार, पण पाटी बदलता येते. दात्यांवर बोट फिरवा, ते टोचले पाहिजेत. गुळगुळीत झाले असतील तर कापड सरकणार नाही, आणि हा भागही बदलता येतो. शटलची खोबण गंजाने खडबडीत झाली असेल तर मात्र हात जोडून बाहेर या.

स्टँडचं वेगळंच झालं आहे. जुन्या लोखंडी पायांवर संगमरवर किंवा सागाची फळी टाकून हॉटेलांत टेबलं करायची टूम निघाल्यापासून पायांना भाव आला आणि हेड भंगारात जाऊ लागलं. जोडी घेणार असाल तर पायडलपासून मोठ्या चाकापर्यंत जाणारी दांडी हलवून बघा. तिथल्या सांध्यात ढिलाई असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठकठक होते. टेबलाच्या लाकडाची फुगवटीही बघा, आपल्या पावसाळ्यात ती हमखास असते. हेड खाचेत सपाट बसत नसेल तर पट्टा तिरका चालतो आणि निसटतो.

पट्टा सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा गोल कातडी असतो, टोकं तारेच्या हुकाने जोडलेली. ओल धरली की तो सैल पडतो, चाक फिरतं आणि मशीन अडखळतं. अर्धा इंच कापून पुन्हा हुक लावा, एकदम इंचभर कापू नका. फार ताणलेला पट्टा मशीन जड करतो आणि दोष तेलाला दिला जातो. दिवसाचं काम संपलं की पट्टा मोठ्या चाकावरून बाजूला उतरवा, फूटाखाली सुती कापडाचा दुमडलेला तुकडा ठेवा, सुई त्यात रुतवा आणि फूट खाली टाका. रात्रभर ओघळलेलं तेल तो तुकडा पितो. दुसऱ्या दिवशी पहिल्या चार टिपा त्याच तुकड्यावर मारा, मगच गिऱ्हाइकाचा ब्लाउज घ्या.